एक खेळाडू, दोन पट

शाळेत बुद्धिबळाच्या स्पर्धा घेणाऱ्या शिक्षकांना असा एखादा विद्यार्थी कधी ना कधी भेटला असेल. खेळ आजोबांकडून शिकलेला. पहिले प्यादे तो एकच घर पुढे सरकवतो, किल्लेकोट करायचे त्याला ठाऊक नसते आणि पलीकडच्या टोकाला पोचलेल्या प्याद्याचा वजीर करायचा की उंट, यावर तो वाद घालतो. मग आपण म्हणतो, "याला अजून खेळता येत नाही." पण हे खरे आहे का? त्याला खेळ येत नाही, की आपण शिकवतो त्यापेक्षा वेगळ्या नियमांचा खेळ येतो? या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. तो समजून घेण्यासाठी नव्वदाहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये खेळला गेलेला एक डाव आपल्याला फार उपयोगी पडतो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे गाव आहे. तिथे नाताळच्या सुमारास बुद्धिबळाची स्पर्धा भरते. १९३०-३१ सालच्या स्पर्धेत मुख्य गटात दहा खेळाडू होते. त्यांत क्यूबाचे होसे राऊल कापाब्लांका होते. १९२१ ते १९२७ या काळात ते जगज्जेते होते आणि त्यांना हरवणे ही अतिशय दुर्मिळ गोष्ट समजली जाई. त्यांच्यासमोर पांढरे मोहरे घेऊन बसले होते पंजाबातील सुलतान खान. युरोपीय नियमांनी खेळू लागून त्यांना जेमतेम चारपाच वर्षे झाली होती. ६५ खेळ्यांनंतर कापाब्लांकांनी डाव सोडला.

देशी पटावरचे शिक्षण

सुलतान खान यांचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, आज पाकिस्तानात असलेल्या खुशाब भागातील मिठा टिवाणा येथे झाला. नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना बुद्धिबळ शिकवले. हे बुद्धिबळ म्हणजे अर्थातच देशी बुद्धिबळ. एकविसाव्या वर्षापर्यंत ते पंजाबातले अव्वल खेळाडू गणले जाऊ लागले. त्या भागातील मोठे जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांना आपल्या आश्रयाला घेतले आणि युरोपीय नियम शिकण्याची सोय केली. १९२८ च्या अखिल भारतीय स्पर्धेत नऊ डावांपैकी आठ जिंकून व एक बरोबरीत सोडवून सुलतान खान पहिले आले. पुढच्याच वर्षी उमर हयात खान लंडनला भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर गेले, आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही.

देशी खेळाचे नियम ठिकाणाप्रमाणे थोडेफार बदलत. तरी तीन गोष्टी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई. दुसरी, किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई, तीही तोवर त्याला शह बसलेला नसेल तरच. तिसरी, पलीकडे पोचलेले प्यादे ज्या उभ्या पट्टीत पोचेल त्या पट्टीचा मोहरा होई. हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा.

वरवर पाहता हे फरक किरकोळ वाटतात. पण त्यांचे परिणाम पाहा. प्यादी एकेक घर सरकत असतील तर दोन्ही सैन्यांची गाठ पडायला वेळ लागतो. आरंभीच्या खेळ्यांत घाई नसते. आपापल्या बाजूला मोहरे नीट मांडून घ्यायला उसंत मिळते आणि खरा खेळ उशिरा, हळूहळू सुरू होतो. युरोपीय खेळात मात्र दोन घरांच्या प्याद्यांमुळे दुसऱ्या-तिसऱ्या खेळीलाच चकमक सुरू होते. म्हणून तिथे आरंभाच्या खेळ्यांचे प्रचंड शास्त्र तयार झाले, ते छापले गेले आणि खेळाडू ते पाठ करू लागले. देशी खेळात उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी ज्ञान येई. डाव लिहून ठेवण्याची पद्धत फारशी नव्हती.

इंग्लंडला पोचल्यावर याचा परिणाम लगेच दिसला. सुलतान खान यांना सराव मिळावा म्हणून लंडनमध्ये एक छोटी स्पर्धा भरवण्यात आली. तीत ते शेवटच्या क्रमांकावर बरोबरीने राहिले. तिथेच कुणी निष्कर्ष काढला असता तर "याला खेळता येत नाही" असाच काढला असता. त्यानंतर विंटर आणि येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांच्याबरोबर बसून आरंभाच्या खेळ्यांचा सराव करून घेतला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे सुलतान खान ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून मोकळे झाले! पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही त्यांनी ते जिंकले.

डाव

आता हेस्टिंग्जच्या डावाकडे वळू. पट काढून मोहरे मांडले तर पुढचे वर्णन समजायला सोपे जाईल. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्यांना ए पासून एच पर्यंत आणि पांढऱ्याकडून आडव्या ओळींना १ पासून ८ पर्यंत नावे देण्याची रूढ पद्धत आम्ही वापरली आहे.

सुलतान खान यांनी प्रथम राजाकडचा घोडा बाहेर काढला आणि दुसऱ्या खेळीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे चालवले. कापाब्लांकांनी घोडा काढून बी पट्टीतले प्यादे एक घर सरकवले आणि त्याच्यामागे बी-७ वर उंट बसवला. या बचावाचे नाव आहे 'वजिराचा भारतीय बचाव'. नावातला 'भारतीय' हा शब्द उगाच आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रन या युरोपीय खेळाडूशी महेशचंद्र बॅनर्जी नावाचे बंगाली खेळाडू शेकडो डाव खेळले. बॅनर्जी प्यादी एकेक घर सरकवत आणि उंट कडेच्या कर्णावर बसवत. तत्कालीन युरोपीयांना ही रीत विचित्र वाटे. विसाव्या शतकात मात्र अशाच मांडण्या उत्तम ठरल्या आणि त्यांच्या कुळाला 'भारतीय' हे नाव मिळाले. म्हणजे गंमत अशी की, हेस्टिंग्जला भारतीय नावाचा बचाव क्यूबाचा खेळाडू खेळत होता आणि त्याच्याविरुद्ध खेळणारा मात्र प्रत्यक्ष देशी पटावर घडलेला होता.

पाचव्या खेळीला पांढऱ्याने ए पट्टीतले प्यादे एक घर पुढे टाकले. खेळी अगदी साधी. काळ्याच्या उंटाला बी-४ वर येऊन घोड्याला जखडता येऊ नये, एवढाच तिचा हेतू. पुढे १९६३ ते १९६९ या काळात जगज्जेते असलेले टिग्रान पेत्रोस्यान ही मांडणी आवडीने खेळत. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९८०च्या दशकात गॅरी कास्पारॉव्ह यांनी ती आणखी लोकप्रिय केली.

आठव्या खेळीला कापाब्लांकांनी किल्लेकोट केला. सुलतान खान यांनी तो केलाच नाही, पूर्ण डावात केला नाही. चौदाव्या खेळीला त्यांनी राजाकडच्या कडेचे प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि एकोणिसाव्या-विसाव्या खेळ्यांत त्याच्या शेजारचेही दामटले. त्यांचा राजा मध्यभागी उघड्यावर राहिला. कोणत्याही पुस्तकी खेळाडूला याची धास्ती वाटली असती. ज्या खेळात किल्लेकोटच नव्हता त्या खेळात वाढलेल्याला ती वाटली नसावी.

कापाब्लांकांनी उघड्या सी पट्टीत दोन्ही हत्ती एकामागे एक लावले. एकविसाव्या खेळीला त्यांनी एक हत्ती थेट शेवटच्या ओळीत नेऊन शह दिला, पुढच्या खेळीला दुसऱ्या हत्तीने दुसरा शह. या मारामारीत त्यांचे दोन्ही हत्ती गेले आणि पांढऱ्याचा वजीर गेला. विद्यार्थ्यांना आपण मोहऱ्यांच्या किमती सांगतो. प्यादे १, घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९. या हिशेबाने ९ च्या बदल्यात १०, म्हणजे जवळजवळ बरोबरी झाली. शिवाय काळ्याचा वजीर मोकळा आणि पांढऱ्याचा राजा उघडा.

पण किमतींचा तक्ता ही सरासरी असते. सरासरी प्रत्येक उदाहरणाला लागू पडतेच असे नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्यांना सांगायला नको. या पटावर सी पट्टी मोकळी होती आणि ती आता पांढऱ्याच्या हत्तींकडे आली. काळ्याचा बी-७ वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला गेला होता. त्याचा घोडा डी-६ च्या प्याद्याची राखण करत आठव्या ओळीत अडकला होता. हत्ती आत शिरू नयेत म्हणून राजालाही पहाऱ्याला धावत यावे लागले. उरला एकटा वजीर. तो फार ताकदवान खरा, पण एकट्याने हल्ला करण्यासारखे समोर काहीच नव्हते.

मग सुरू झाला डावाचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण भाग. २४व्या खेळीत पांढऱ्याच्या राजाने हत्ती मारला. त्यानंतर पटावर पुढचा मोहरा मारला गेला तो ५९व्या खेळीत! मधल्या काळात सुलतान खान यांनी बी पट्टीतले प्यादे पुढे आणले, हत्ती एकामागे एक लावले, राजाला पायी पायी वजिराच्या बाजूला नेऊन सुरक्षित केले, परत आणले. त्यांचा राजा या डावात दहा-बारा वेळा हलला आहे. जगज्जेतेपद भूषवलेल्या कापाब्लांकांना या काळात वजीर एच-३ वरून एच-४ वर आणि पुन्हा एच-३ वर असा हलवत बसण्यापलीकडे फारसे काही करता येईना. शेवटी ५२व्या खेळीला काळ्याचा उंट जागेवरून हलला, सी-६ हे घर मोकळे झाले आणि तत्क्षणी पांढरा हत्ती तिथे घुसला. त्याला आधार होता बी-५ पर्यंत आलेल्या प्याद्याचा. ६१व्या खेळीला हत्तीने समोरचे प्यादे टिपले, ६३व्या खेळीला आपले प्यादे बी-६ वर पोचले. आणखी दोन खेळ्या आणि डाव संपला.

स्पर्धेत माक्स युवे पहिले, कापाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले. युवे पुढे १९३५ मध्ये जगज्जेते झाले.

चमत्कार की कारण?

सुलतान खान यांची गोष्ट बहुधा चमत्कार म्हणून सांगितली जाते. एक निरक्षर नोकर केवळ उपजत बुद्धीने जगज्जेत्यांना हरवतो, अशी ती कथा. या कथेबद्दल दोन कारणांनी सावध राहायला हवे.

पहिले कारण साधनांचे आहे. अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन यांनी १९३३ मधील एका मेजवानीची आठवण लिहिली आहे. यजमानांच्या घरी सुलतान खान यांनाच वाढप्याचे काम करावे लागले, असे ते सांगतात. हा प्रसंग पुढे सर्वत्र उद्धृत झाला. पण फाइन यांनी उमर हयात खान यांना 'महाराजा' म्हटले आहे, आणि ते महाराजा नव्हते. सुलतान खान निरक्षर होते की नाही, ते नोकर होते की आश्रित, याबद्दल त्यांच्या कुटुंबीयांनी अलीकडच्या काळात वेगळी माहिती पुढे आणली आहे. ते लिहू-वाचू शकत होते आणि प्रतिष्ठित घरातले होते, असे कुटुंबीय सांगतात. एका पाहुण्याने एका संध्याकाळी पाहिलेल्या दृश्यावरून माणसाचे सगळे आयुष्य रचणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. 'उपजत बुद्धी' म्हटले की शोध थांबतो. त्याऐवजी असे विचारू : एका नियमांच्या खेळात मिळवलेले कौशल्य दुसऱ्या नियमांच्या खेळात किती उपयोगी पडते?

याचा धागा मानसशास्त्रात सापडतो. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोत यांनी १९४६ च्या आपल्या प्रबंधात दाखवले की उत्तम खेळाडू पट काही सेकंद पाहूनही जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा मांडतात. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी हा प्रयोग पुढे नेला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू सुमारे १६ मोहरे बरोबर मांडी, नवशिका सुमारे ४. पण तेच मोहरे पटावर कसेही विखरून दाखवले की हा फरक जवळजवळ नाहीसा होई. नंतरच्या प्रयोगांत निष्णातांची थोडीशी सरशी शिल्लक राहते असे आढळले, पण मुख्य मुद्दा टिकला. निष्णाताची स्मरणशक्ती सर्वसाधारण अर्थाने असामान्य नसते. अनेक वर्षांच्या सरावाने मोहऱ्यांच्या अर्थपूर्ण जुळण्या त्याच्या मनात साठलेल्या असतात आणि तो पट त्या जुळण्यांनी वाचतो.

आता हे सुलतान खान यांना लावून पाहू. हत्ती, घोडा, उंट, वजीर यांची चाल त्यांच्या देशी खेळात आणि युरोपीय खेळात सारखीच. म्हणजे डावाच्या मध्यात आणि अखेरीस तयार होणाऱ्या जुळण्या बऱ्याच अंशी समान. फरक मुख्यतः आरंभात, कारण दोन घरांचे प्यादे आणि किल्लेकोट यांचा परिणाम तिथेच सर्वाधिक. मग आपली अपेक्षा काय असेल? असा खेळाडू आरंभी चाचपडेल आणि पुढे भक्कम होत जाईल. त्यांच्या समकालीनांनी त्यांचे वर्णन नेमके असेच केले आहे : आरंभात कच्चे, अखेरीत जगातल्या श्रेष्ठांपैकी एक. सरावाच्या स्पर्धेतले अपयश आणि काही महिन्यांच्या शिकवणीनंतरचे यश, दोन्हींचा उलगडा यातून होतो. शिकवणाऱ्यांनी त्यांना बुद्धिबळ शिकवले नाही. फक्त दोन नियमांमधली दरी भरून दिली.

अर्थात एका खेळाडूवरून सिद्धान्त होत नाही आणि त्यांची प्रतिभा असामान्य होती हे नाकारायचेही कारण नाही. कापाब्लांकांनीही ती मोकळेपणाने मान्य केली. आमचे म्हणणे एवढेच की प्रतिभेला काम करायला साठवलेले ज्ञान लागते, आणि ते ज्ञान देशी पटाने त्यांना दिले होते.

पुढे काय झाले

१९३१ मध्ये प्राग येथील ऑलिंपियाडमध्ये सुलतान खान इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळले. त्यांनी रुबिन्स्टाइन आणि फ्लोर यांना हरवले, जगज्जेत्या अलेखिन यांच्याशी बरोबरी केली. त्याच वर्षी टार्टाकोव्हर यांच्याविरुद्धचा बारा डावांचा सामना त्यांनी जिंकला. १९३३ मध्ये उमर हयात खान यांच्याच घरातल्या मिस फातिमा ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकल्या. त्यानंतर आश्रयदाते मायदेशी परतले आणि सुलतान खानही परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी ते दहा डावांचा सामना खेळले. त्यातला एकच डाव खाडिलकरांना बरोबरीत सोडवता आला, बाकीचे सगळे सुलतान खान यांनी जिंकले. यानंतर त्यांचे स्पर्धांमधले खेळणे संपले. एका आश्रयदात्यावर उभी असलेली ही कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची ठरली.

१९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने पहिले २७ ग्रँडमास्टर जाहीर केले. त्यांत रुबिन्स्टाइन होते. १९३२ नंतर ते स्पर्धांत खेळले नव्हते, पण पूर्वीच्या कामगिरीवरून त्यांना योग्य तो मान मिळाला. टार्टाकोव्हरही होते. या दोघांना हरवणारे सुलतान खान तेव्हा हयात होते, पण यादीत नव्हते. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे त्यांचे निधन झाले. महासंघाने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

आणखी एक नुकसान झाले, त्याची भरपाई किताबाने होत नाही. हेस्टिंग्जच्या डावातली प्रत्येक खेळी आज आपल्याला उपलब्ध आहे, कारण ती लिहून ठेवण्याची पद्धत तिथे होती. पंजाबात ज्या डावांनी हा खेळाडू घडवला ते डाव मात्र कुणी लिहिले नाहीत. एक पूर्ण ज्ञानपरंपरा तोंडी होती आणि तोंडीच विरली.

वर्गात करून पाहण्यासारखे

आपल्या परिसरात देशी बुद्धिबळ खेळलेली वयस्कर मंडळी अजूनही सापडू शकतात. विद्यार्थ्यांनी त्यांना भेटून नियम लिहून घ्यावेत. प्यादे किती घरे चाले, राजाला कोणती सवलत होती, प्याद्याचे पुढे काय होई, डाव बरोबरीत कधी धरत. दोन गावांचे नियम ताडून पाहावेत.

मग एक साधा प्रयोग करावा. विद्यार्थ्यांच्या जोड्या पाडून प्रत्येक जोडीने एक डाव देशी आणि एक डाव आजच्या नियमांनी खेळावा. दोन्हींची प्रत्येक खेळी लिहावी आणि पहिला मोहरा कितव्या खेळीला मारला गेला ते मोजावे. आम्ही वर केलेले विधान, की देशी खेळात चकमक उशिरा सुरू होते, ते खरे ठरते की नाही हे आकड्यांवरून दिसेल. निम्म्या जोड्यांनी क्रम उलटा ठेवावा, म्हणजे सरावाचा परिणाम वेगळा काढता येईल.

आणि पहिले प्यादे एकच घर सरकवणारा विद्यार्थी वर्गात असेलच, तर या प्रयोगात तो शिकवणारा होऊ शकतो. त्याला चूक दाखवण्याआधी, "तू कोणत्या नियमांनी शिकलास?" एवढे विचारून पाहावे.